चक्रीवादळाचा मागोवा : हौशी निरीक्षक आणि इशाऱ्याचे अर्थशास्त्र

(बंगळुरू येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

बंगळुरू हे किनाऱ्यावरील शहर नव्हे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आणि बंगालच्या उपसागरापासून जवळजवळ तीनशे किलोमीटर आत ते वसलेले आहे. तरीही उपसागरातील प्रत्येक मोठ्या हालचालीचे पडसाद या शहरात उमटतात. ४ डिसेंबर २०२३ रोजी 'मिचाँग' चक्रीवादळामुळे चेन्नईत अतिवृष्टी झाली, तेथील विमानतळ बंद करावा लागला आणि तीसहून अधिक विमाने बंगळुरूकडे वळविण्यात आली. दोन्ही शहरांना जोडणाऱ्या अनेक रेल्वेगाड्या रद्द झाल्या. त्या दिवशी प्रवासी अडकले, माल अडकला आणि अनेकांना आपले आप्त चेन्नईत सुखरूप आहेत की नाहीत हेही कळेना.

अशा प्रसंगी समाजातील एक छोटा गट इतरांपेक्षा आधी जागा झालेला असतो. हा गट हौशी हवामान निरीक्षकांचा. त्यांत अभियंते असतात, शिक्षक असतात, बँकेतील कर्मचारी असतात, महाविद्यालयीन विद्यार्थीही असतात. कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्यापासून ते उपग्रहाची चित्रे पाहतात, वादळाचा मार्ग नकाशावर आखतात आणि ते कोणत्या शहराकडे येत आहे याचा अंदाज बांधतात. चेन्नईतील प्रदीप जॉन यांच्यासारख्या हौशी अभ्यासकाचे नाव २०१५ च्या महापुरानंतर तामिळनाडूत घरोघरी पोचले. त्यांचा व्यवसाय हवामानशास्त्राचा नव्हता.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे एक प्रश्न उपस्थित होतो. या मागोव्याचे मूल्य नेमके कशात आहे? वादळाचा मार्ग अचूक कळणे आणि वादळापासून जीवित व वित्त वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दोहोंच्या मध्ये कोणाचा तरी निर्णय असतो. तो निर्णय वेळेवर आणि योग्य झाला, तरच अंदाजाला मूल्य प्राप्त होते.

परंपरा जुनी आहे

वादळांचा मागोवा घेण्याची भारतातील परंपरा एका हौशी माणसापासूनच सुरू होते. हेन्री पिडिंग्टन हे पूर्वी व्यापारी जहाजावरील कप्तान होते. पुढे ते कोलकात्यात स्थायिक झाले आणि सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायालयाचे अध्यक्ष बनले. हवामानशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या गोळा करून, त्यांतील वाऱ्याची दिशा आणि हवेचा दाब ताडून ते वादळाचा मार्ग आखत. वारे एका केंद्राभोवती वेटोळे घालतात हे ध्यानात घेऊन, वेटोळ्याचा अर्थ देणाऱ्या ग्रीक शब्दावरून त्यांनी 'सायक्लोन' ही संज्ञा रूढ केली. खलाशांसाठी लिहिलेल्या १८४८ मधील त्यांच्या ग्रंथात ती आढळते.

१८५३ मध्ये मातला नदीकाठी नवे बंदर उभारण्याचा घाट घातला जात होता. वादळाबरोबर येणाऱ्या लाटांमुळे हे बंदर उद्ध्वस्त होईल, असा इशारा पिडिंग्टन यांनी गव्हर्नर जनरल डलहौसी यांना पत्राद्वारे दिला. तो मानला गेला नाही. पोर्ट कॅनिंग उभे राहिले आणि १८६७ च्या वादळाने त्याची वाताहत केली. पिडिंग्टन त्याआधीच, १८५८ मध्ये, निवर्तले होते. अंदाज बरोबर होता. परंतु तो ऐकून निर्णय घेणारी व्यवस्था अस्तित्वात नव्हती.

दरम्यान ऑक्टोबर १८६४ च्या वादळात कोलकाता आणि परिसरात सुमारे साठ हजार माणसे मृत्युमुखी पडल्याचा अंदाज आहे. त्यानंतर कोलकाता बंदरासाठी इशारा देण्याची पद्धत सुरू झाली. हे वादळ आणि पाठोपाठ पडलेला ओडिशाचा दुष्काळ यांच्या पार्श्वभूमीवर १८७५ मध्ये भारतीय हवामान विभागाची स्थापना झाली. एका व्यक्तीच्या छंदाचे क्षेत्र अशा रीतीने राज्यसंस्थेच्या कर्तव्याचे क्षेत्र बनले.

सार्वजनिक वस्तू म्हणून माहिती

आजचा हौशी निरीक्षक ज्या साधनांच्या आधारे काम करतो, ती जवळजवळ सर्व सार्वजनिक निधीतून उभी राहिलेली आहेत. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे मुख्यालय बंगळुरूत आहे. तिने हवामानविषयक निरीक्षणासाठी २०१६ मध्ये इन्सॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये इन्सॅट-३डीएस हे उपग्रह सोडले. ते भूस्थिर कक्षेतून ढगांची चित्रे सातत्याने पाठवितात. किनाऱ्यावरील डॉप्लर रडार पावसाचे पट्टे आणि वाऱ्याचा वेग टिपतात. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने समुद्रात सोडलेले तरंगते बोये हवेचा दाब, वारा व पाण्याचे तापमान कळवितात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली, सहा किलोमीटर विभेदनाची 'भारत फोरकास्ट सिस्टिम' मे २०२५ मध्ये कार्यान्वित झाली. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने दोन वर्षांसाठी दोन हजार कोटी रुपयांच्या 'मिशन मौसम'ला मंजुरी दिली होती.

अर्थशास्त्रात ज्या वस्तूचा एकाने उपभोग घेतल्यामुळे दुसऱ्याचा वाटा घटत नाही आणि जिच्यापासून कोणाला वगळणे कठीण असते, तिला सार्वजनिक वस्तू म्हणतात. वादळाचा इशारा हे तिचे उत्तम उदाहरण होय. एका कोळ्याने इशारा ऐकला म्हणून शेजारच्या कोळ्यासाठी तो संपत नाही. अशा वस्तूची निर्मिती बाजारावर सोडली, तर ती गरजेपेक्षा कमी होते; म्हणून तिचा खर्च शासनाने उचलणे समर्थनीय ठरते. तथापि, आकडे उपलब्ध असणे पुरेसे नसते. ते वाचून, समजून घेऊन लोकांच्या भाषेत सांगणारा माणूसही लागतो. हौशी निरीक्षक ही उणीव काही प्रमाणात भरून काढतात.

रेषा आणि क्षेत्र

उत्तर हिंदी महासागरातील वादळांचे वर्गीकरण वाऱ्याच्या सातत्यपूर्ण वेगावरून केले जाते. ताशी ६२ किलोमीटरचा वेग गाठल्यावर खोल कमी दाबाच्या क्षेत्राला चक्रीवादळ म्हणतात व त्याला नाव दिले जाते. ८९ किलोमीटरपासून ते तीव्र आणि ११८ किलोमीटरपासून अतितीव्र गणले जाते. २२२ किलोमीटर वा त्याहून अधिक वेग असेल, तर ते महाचक्रीवादळ ठरते. इशाराही टप्प्याटप्प्याने दिला जातो. प्रतिकूल हवामान सुरू होण्याच्या सुमारे ७२ तास आधी पूर्वसूचना, किमान ४८ तास आधी सावधानतेचा इशारा, २४ तास आधी धोक्याचा इशारा आणि शेवटी वादळ जमिनीवर आल्यानंतरच्या स्थितीचा अंदाज, असा हा क्रम आहे.

मार्गाच्या अंदाजात अनिश्चितता असते. ती दाखविण्यासाठी हवामान विभाग २००९ पासून नकाशावर पुढे रुंदावत जाणारा शंकू काढतो. अलीकडच्या वर्षांत २४ तास आधीच्या अंदाजात वादळाच्या केंद्राची सरासरी चूक सुमारे ७५ ते ८० किलोमीटर राहिली आहे. पूर्वीच्या मानाने ही मोठी सुधारणा आहे. परंतु सर्वसामान्य वाचक शंकू पाहत नाही. त्याच्या मध्यभागी असलेली रेषा पाहतो. ती आपल्या शहरावरून जाते की नाही, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. या सवयीचे परिणाम तीन उदाहरणांतून स्पष्ट होतात.

पहिले उदाहरण 'निसर्ग' चक्रीवादळाचे. जून २०२० च्या प्रारंभी अरबी समुद्रातील हे वादळ मुंबईच्या दिशेने येत असल्याची चर्चा देशभर होती. हवामान विभागाने हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात, अलिबागजवळ, ते किनारा ओलांडेल असा इशारा दिला होता. ३ जून रोजी दुपारी ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाने ते अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. मुंबईत 'वादळ चुकले' अशी सुटकेची भावना पसरली. त्याच वेळी श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, मंडणगड, दापोली या तालुक्यांत घरांची कौले व पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले आणि नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या. मुंबई ते श्रीवर्धन हे सरळ अंतर शंभर किलोमीटरच्या आतील आहे. अंदाजाच्या सरासरी चुकीहून ते फारसे अधिक नाही.

दुसरे उदाहरण मे २०२१ मधील 'तौक्ते'चे. हे वादळ कर्नाटक, गोवा व महाराष्ट्राच्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत गेले आणि १७ मे रोजी रात्री गुजरातमध्ये जमिनीवर आले. त्याच्या मार्गाची रेषा मुंबईवरून गेली नाही. तरीही कुलाबा आणि सांताक्रूझ येथे एका दिवसात २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. मुंबईलगतच्या समुद्रातील तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा बुडून सत्तरहून अधिक कामगारांचा मृत्यू झाला. वादळाची पूर्वसूचना काही दिवस आधीच प्रसृत झालेली होती.

तिसरे उदाहरण 'मिचाँग'चे. ५ डिसेंबर २०२३ रोजी हे वादळ आंध्र प्रदेशात बापटलाजवळ, म्हणजे चेन्नईच्या उत्तरेस तीनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर, जमिनीवर आले. मार्गाची रेषा पाहणाऱ्याला चेन्नई सुरक्षित वाटली असती. प्रत्यक्षात त्याआधीचे दोन दिवस वादळ चेन्नईलगतच्या समुद्रातून संथपणे सरकत होते. पावसाचे पट्टे त्याच भागावर पुनःपुन्हा आले. काही केंद्रांवर दोन दिवसांत ४० सेंटीमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. पळ्ळिकरणैची पाणथळ जमीन आक्रसलेली आणि निचऱ्याच्या वाटा अडलेल्या असल्यामुळे वेळच्चेरीसारख्या वस्त्या दीर्घकाळ पाण्यात राहिल्या.

तिन्ही उदाहरणांचे तात्पर्य एकच आहे. मार्ग ही नकाशावरील रेषा असते. धोका हे क्षेत्र असते. त्या क्षेत्राचा आकार वाऱ्याबरोबरच वादळाची गती, भरतीची वेळ, जमिनीचा उतार, शहराची गटारव्यवस्था आणि घरांची मजबुती यांवरूनही ठरतो.

इशाऱ्याचे मूल्य कसे मोजावे?

निर्णयशास्त्रात यासाठी एक सोपे सूत्र वापरले जाते. समजा, एखाद्या मच्छीमाराला होडी ओढून सुरक्षित जागी नेण्यासाठी आणि दोन दिवसांची मासेमारी बुडवण्यासाठी मिळून वीस हजार रुपये खर्च येतो. होडी व जाळी वादळात गेली, तर त्याचे दोन लाख रुपयांचे नुकसान होते. खर्च आणि संभाव्य नुकसान यांचे गुणोत्तर येथे एक दशांश आहे. म्हणून वादळ येण्याची शक्यता दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर होडी हलविणे त्याच्या हिताचे ठरते. याउलट एखाद्या कारखान्याला काम बंद ठेवण्यासाठी पन्नास लाख रुपये खर्च येत असेल आणि संभाव्य नुकसान एक कोटीचे असेल, तर शक्यता पन्नास टक्क्यांवर गेल्याशिवाय तो थांबणार नाही. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. त्यामागील तत्त्व मात्र सार्वत्रिक आहे.

या सूत्रावरून दोन निष्कर्ष निघतात. एक म्हणजे, एकाच अंदाजावरून वेगवेगळ्या माणसांनी घेतलेले वेगवेगळे निर्णय एकाच वेळी योग्य असू शकतात. म्हणून 'वादळ येणार' किंवा 'येणार नाही' असे एका शब्दातील उत्तर अपुरे असते. शक्यता किती, हे सांगणे आवश्यक ठरते. दुसरे म्हणजे, ज्यांचे नुकसान भरून येण्यासारखे नसते, त्यांच्यासाठी अल्प शक्यतेचा इशाराही मोलाचा असतो. माणसाच्या जिवाच्या बाबतीत हे गुणोत्तर जवळजवळ शून्यावर येते. वादळ शेवटच्या क्षणी वळले, तरी आधी केलेले स्थलांतर चूक ठरत नाही.

ओडिशाच्या अनुभवातून हे दिसून येते. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात त्या राज्यात सुमारे दहा हजार लोक मरण पावले. त्यानंतर राज्याने आपत्ती व्यवस्थापनाचे स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले, किनाऱ्यावर निवारे बांधले आणि गावपातळीवर स्वयंसेवक तयार केले. ऑक्टोबर २०१३ मध्ये 'फायलिन' आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना हलविण्यात आले व मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. मे २०१९ मध्ये 'फनी'च्या वेळी सुमारे बारा लाख लोकांचे स्थलांतर झाले. ६४ जण दगावले. या काळात अंदाज सुधारले हे खरे. परंतु त्यांच्या जोडीला निवारा, रस्ता, वाहन आणि दार ठोठावणारा स्वयंसेवकही होता.

इशाऱ्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. माणसे हलविता येतात, बागा हलविता येत नाहीत. पोफळ फळावर येण्यास पाच-सात वर्षे लागतात. कोकणातील बागा गुंठ्यांत मोजल्या जातात. त्यामुळे हेक्टरी दराने दिलेली मदत बागायतदाराच्या हाती तुटपुंजी पडते. 'निसर्ग'नंतर श्रीवर्धनच्या बागायतदारापुढे उभा राहिलेला प्रश्न पुढील अनेक वर्षांच्या उत्पन्नाचा होता. त्याचे उत्तर विमा, प्रति झाड भरपाई, रोपवाटिका आणि भूमिगत वीजवाहिन्या यांत शोधावे लागते. राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्र, गोवा व कर्नाटकाचा समावेश झाला, त्याचे महत्त्व या संदर्भात ध्यानात येते.

हवामानाचा विचार निर्णयापासून सुरू करावा, हा दृष्टिकोन बंगळुरूतच एका मराठी शास्त्रज्ञ महिलेने रुजविला. पुण्यात जन्मलेल्या डॉ. सुलोचना गाडगीळ (१९४४–२०२५) यांनी भारतीय विज्ञान संस्थेत वातावरण व महासागर विज्ञानाच्या केंद्राच्या उभारणीत मोलाचा वाटा उचलला. अनंतपूर परिसरातील भुईमूग उत्पादकांच्या संदर्भात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेरणीच्या वेळेचा अभ्यास केला. शेतकऱ्याला कोणता निर्णय केव्हा घ्यावा लागतो, हे आधी समजून घेऊन मग पर्जन्यमानाच्या नोंदींकडे वळण्याची त्यांची पद्धत होती. सिद्धार्थ गाडगीळ यांच्यासमवेत २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, तीव्र दुष्काळामुळे देशाच्या सकल उत्पादनात दोन ते पाच टक्के घट होत असल्याचे त्यांनी दाखविले. चांगल्या पावसाने होणारा लाभ मात्र त्या मानाने कमी असतो, हेही त्यांनी निदर्शनास आणले. वादळाच्या बाबतीतही हाच दृष्टिकोन उपयुक्त आहे.

हौशी निरीक्षकाचे बळ आणि मर्यादा

हौशी निरीक्षकाकडे तीन गोष्टी असतात : स्थानिक ज्ञान, लोकांची भाषा आणि चिकाटी. कोणत्या ओढ्याचे पाणी कोणत्या पुलावर येते, हे त्याला ठाऊक असते. मध्यरात्री गच्चीवरील पर्जन्यमापक वाचण्याची त्याची तयारी असते. शासकीय केंद्रे विरळ असलेल्या भागात अशी नोंद मौल्यवान ठरते. अमेरिकेत १९९७ मध्ये फोर्ट कॉलिन्स शहरात आलेल्या पुरानंतर, १९९८ पासून कोलोरॅडो राज्यात नागरिकांनी घरोघरी पाऊस मोजण्याचे जाळे उभारले. पुढे ते देशभर पसरले.

त्याची मर्यादा त्याच्या स्थानातून येते. बहुसंख्य हौशी निरीक्षक मोठ्या शहरांत राहतात; साहजिकच त्यांचे लक्ष शहराकडे लागलेले असते. श्रीवर्धनकडे किंवा बापटलाकडे पाहणारे डोळे कमी असतात. दुसरा दोष प्रलोभनाचा आहे. अनेक प्रारूपांपैकी सर्वांत भयंकर चित्र दाखविणाऱ्याकडे अधिक लक्ष वेधले जाते. दहा दिवस आधीच्या एखाद्या प्रारूपातील चित्र 'येणारे संकट' म्हणून पसरले, की बाजारात धावपळ होते. पुढे ते खरे ठरले नाही, तर अधिकृत इशाऱ्यावरील विश्वासही उडतो. संख्याशास्त्रातील दोन्ही प्रकारच्या चुका येथे संभवतात : न येणाऱ्या वादळाचा इशारा आणि येणाऱ्या वादळाकडे दुर्लक्ष. दुसरी चूक अधिक घातक असते आणि पहिल्या चुकीची पुनरावृत्ती झाल्यानेच ती बळावते.

उत्तरदायित्वाचाही प्रश्न आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये स्थलांतराचे आणि मदतीचे दायित्व प्रशासनावर आहे. हवामान विभागाच्या इशाऱ्यावर जिल्हाधिकारी कार्यवाही करतात आणि चुकले तर जाबही देतात. हौशी निरीक्षकावर असे बंधन नसते. म्हणून त्याने अधिकृत इशाऱ्याला पर्याय देऊ नये. तो समजावून सांगावा, आपल्या गल्लीतील नोंदींची त्याला जोड द्यावी आणि आपला अंदाज चुकला तर तसे उघडपणे सांगावे.

शासकीय यंत्रणेनेही त्याच्याकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही. १९८८ मध्ये दुष्काळ निरीक्षणासाठी सुरू झालेल्या कक्षातून बंगळुरूचे कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्र विकसित झाले. त्याने ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे विणले आणि 'वरुण मित्र' या दूरध्वनी सेवेद्वारे शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याची सोय केली. अशा जाळ्याला शाळा, महाविद्यालये व हौशी निरीक्षक यांच्या तपासून घेतलेल्या नोंदींची जोड मिळाली, तर अल्प खर्चात मोठा लाभ होऊ शकेल.

समारोप

विद्यार्थी मित्रहो, पिडिंग्टन यांच्याकडे जहाजांच्या नोंदवह्या होत्या. आजच्या विद्यार्थ्याकडे उपग्रहाची चित्रे आहेत. साधने बदलली, परंतु पोर्ट कॅनिंगने विचारलेला प्रश्न बदललेला नाही : इशारा मिळाल्यावर निर्णय कोण घेणार आणि त्या निर्णयाचा खर्च कोण सोसणार? तुमच्यापैकी काही जण उद्या प्रशासनात जातील. किनाऱ्यावरील एखाद्या तालुक्यात, वादळ अद्याप दोन दिवस दूर असताना आणि आकाश निरभ्र असताना, लोकांना घरे सोडण्यास सांगण्याची वेळ त्यांच्यावर येईल. वादळ वळले तर टीका होईल. धडकले तर कौतुक होईलच असे नाही. त्या वेळी नकाशावरील रेषेपेक्षा तिच्या भोवतीचा शंकू पाहण्याची आणि शहराइतकेच शेजारच्या खेड्याकडे लक्ष देण्याची सवय उपयोगी पडेल. ही सवय लावून घेण्यासाठी पदाची वाट पाहावी लागत नाही. येत्या पावसाळ्यात एक साधा पर्जन्यमापक, एक वही आणि रोज सकाळी साडेआठची नोंद एवढ्यावरही प्रारंभ करता येईल.